आत्यांच्या डबीतले बारा शब्द

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. राणीसावरगावात माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. सकाळी टायपिंग शिकवायचं, दुपारनंतर पीकविम्याचे नि शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे. ओटीपी कुणाला सांगू नका, हे वाक्य मी दिवसातून इतक्यांदा बोलते की झोपेतही बोलत असेन. तरीही कुणी सांगून बसला की त्याला सगळ्यांदेखत झापते. "बाई हुशार हाय, पर तोंडानं लय तिखट," असं गावात माझ्याविषयी म्हणतात. त्याचा मला कधी राग आला नाही, उलट बरंच वाटायचं.

क्लासची जागा भाड्याची होती. दोन खोल्या, वर पत्रे, पुढं थेट रस्ता. जागेचे मालक थकत चालले होते, त्यांनी लेकीकडं लातूरला जायचं ठरवलं. मला म्हणाले, "बाई, जागा इकायची हाय. तुमी घेत असाल तर दिवाळीपस्तोर थांबतो. न्हाई तर कापडवाला तयारच हाय." मी तिथल्या तिथं हो म्हणाले. शेत दोघा भावांच्या नावावर, घर नवऱ्याच्या नावावर आणि माझ्या नावावर एक स्कूटी, अशी आमच्याकडची वाटणी. त्या दोन खोल्या मला माझ्या हव्या होत्या.

पैसा होता, पण तो बँकेत नव्हता. फॉर्मांच्या कमाईतून थोडं थोडं बाजूला काढून मी काही वर्षं बिटकॉइन घेत आले होते. नवऱ्याला ठाऊक होतं. "तुझा पैसा, तुझी अक्कल," एवढंच तो म्हणाला होता. बाकी घरात हा विषय काढायची सोय नव्हती, कारण दिरानं मागं एका ॲपमध्ये सोयाबीनचे पैसे घातले होते. ॲपवर ते रोज वाढताना दिसायचे. काढायला गेला तेव्हा ॲपच नाहीसं झालं. तेव्हापासून आमच्याकडं कॉइन म्हटलं की दीर ताटावरून उठायचा.

मी त्याच्यासारखी भुलून गेले नव्हते, वाचून-शिकून उतरले होते. पेनड्राइव्हएवढं एक यंत्र मागवलं होतं, कॉइन हलवायची किल्ली त्यात होती. यंत्र हरवलं किंवा बिघडलं तर उपयोगी पडावेत म्हणून त्यानं सुरुवातीलाच बारा इंग्रजी शब्द दिले होते. शब्द साधेच, शाळेच्या पुस्तकात असतात तसे. पण ठरल्या क्रमानं ते बारा शब्द ज्याच्या हातात, त्याचा पैसा. इथं तक्रार घेऊन जायला मॅनेजर नाही, की चुकीचा व्यवहार परत फिरवणारा कुणी नाही. शब्द चोराच्या हाती लागले तर सगळं गेलं, आणि माझ्याच हातून हरवले तरी सगळं गेलं. त्यांचा फोटो काढायचा नाही, मोबाइलमध्ये लिहायचे नाहीत, तोंडानं उच्चारायचे नाहीत. कागदावर लिहून दोन वेगवेगळ्या जागी ठेवायचे.

एक प्रत मी क्लासच्या लोखंडी कपाटात ठेवली. दुसरी कुठं ठेवावी ते सुचेना. घरात धान्याच्या कोठीपासून देवघरापर्यंत कुणाचा ना कुणाचा हात सारखा फिरत असतो. आणि मग एके सकाळी पूजेला बसलेल्या सासूबाईंकडं पाहत असताना मला जागा सापडली.

आमचं घर लिंगायतांचं. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. आत्यांच्या गळ्यात चांदीची डबी असायची आणि तिच्यात त्यांचं इष्टलिंग, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं. रोज आंघोळ झाली की त्या डबी उघडायच्या, लिंग डाव्या तळहातावर घ्यायच्या, पाणी, भस्म, बेलाचं पान वाहायच्या आणि पुन्हा डबी बंद. ज्याचं लिंग त्यानंच हाताळायचं, दुसऱ्यानं शिवायचं नाही. माझंही लिंग होतं, पण मी सोमवारी तेवढं गळ्यात घालायची, एरवी ते देवघरात असायचं. आत्यांची डबी मात्र लग्नापासून कधी अंगावरून उतरलेली नव्हती. असं लॉकर परभणीतल्या कुठल्या बँकेतही मिळालं नसतं.

मी कागदाच्या चार घड्या केल्या, प्लास्टिकच्या इवल्याशा पिशवीत घालून वरून चिकटपट्टी लावली आणि त्यांच्यापुढं धरला.

"काय हाय ह्याच्यात?" त्यांनी विचारलं.

"माझ्या क्लासची जागा."

"कागदात?"

"कागदातच समजा. कुणाला दाखवायचा नाही, कुणाला सांगायचं नाही."

त्यांनी ती पुडी तळहातावर घेऊन जरा वेळ पाहिली आणि डबीत ठेवली. "बरं. ह्याचा जिम्मा माझा. तू बिनघोर ऱ्हा, माय," म्हणाल्या. मी खरंच निर्धास्त झाले आणि कागदाचा विचारच सोडून दिला.

मग तो फोन आला. मी मोबाइल घरी विसरले होते. दुपारी जेवायला आले तर ओसरीत आत्या माझाच मोबाइल कानाला लावून बसलेल्या. चपला काढता काढता मला ऐकू आलं, "हाय की. बारा शब्दाचा कागद माझ्यापाशीच हाय. पर दादा, मी चवथी शिकलेली, मला इंग्रजी वाचाया येत न्हाई."

पलीकडचा काहीतरी बोलत होता. आत्या म्हणाल्या, "न्हाई, आत्ता न्हाई काडत. पूजेच्या येळंबिगर मी हात लावत न्हाई त्याला. सकाळी आठाला करा फोन, तवर कुणाला तरी वाचाया बोलवून ठिवते."

मी मोबाइल हिसकावून घेतला आणि बंद केला.

"कुणाशी बोलत होता तुम्ही?"

"तुझ्या त्या कंपनीतला हाय म्हणं. तुझं खातं बंद पडायलंय, बारा शब्द जुळवून बगायचेत म्हणाला. लय अदबीनं बोलायलता."

वास्तविक त्यांच्या पूजेच्या नेमानंच मला त्या दिवशी वाचवलं होतं. डबी वेळेशिवाय उघडायची नाही, एवढ्या एका हट्टामुळं शब्द बाहेर गेले नव्हते. पण हे कळायला डोकं जाग्यावर लागतं. मी जे बोलले ते अजून जसंच्या तसं आठवतं. "तुमच्या हाती काही दिलं ही माझीच चूक. अडाणी ते अडाणीच. एका मुलाला त्या ॲपवाल्यांनी बुडवलं, आता सुनेला तुम्ही बुडवा. यापुढं त्या कागदाचं नाव तोंडातून काढायचं नाही. कुणापुढंच नाही. माझ्यापुढंसुद्धा नाही."

आत्या "बरं," एवढंच म्हणाल्या आणि मला जेवायला वाढलं. त्यांनी वाढलेलं मी खाल्लंही, ताटात वांग्याची भाजी होती.

दुसऱ्या दिवशी आठला मी फोन घेऊन ओसरीत बसले. आत्या चार हातांवर पूजेला बसल्या होत्या, लिंग तळहातावर होतं. बरोबर आठला फोन वाजला.

"मावशींना देता का?" आवाज गोड, मराठी अगदी आपल्याकडचं.

"मावशी नाहीत. मी आहे. बोला, कुठले शब्द हवेत तुम्हाला?"

मी त्याला चोर म्हटलं, भामटा म्हटलं, सायबरला कळवते म्हटलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "मॅडम, नंबर तुम्हीच टाकला होता. मदत पाहिजे म्हणून. पुन्हा लागली मदत तर सांगा." आणि त्यानं फोन ठेवला.

तो खरं बोलत होता. आधीच्या आठवड्यात माझं यंत्र कॉम्प्युटरला जोडलं जात नव्हतं, तेव्हा कॉइनवाल्यांच्या एका ग्रुपवर मी अडचण लिहिली होती आणि घाईघाईत खाली मोबाइल नंबरही दिला होता. दुसऱ्यांना ओटीपीवरून झापणारी मी चोराला स्वतःच्या हातानं दार दाखवून आले होते. आत्या माझ्याकडं पाहत होत्या. त्यांना काय झालं ते विचारायचं होतं, पण मीच तोंड बंद ठेवायला सांगितलेलं.

"राँग नंबर," मी म्हणाले आणि उठून क्लासला गेले.

त्यानंतर दोनच दिवसांनी क्लासपुढं एक मोटरसायकल थांबली. दोघे उतरले. पाणी शुद्ध करायची मशीन विकतो म्हणाले. एकजण माहितीपत्रक दाखवत होता, दुसरा लोखंडी कपाटाला टेकून उभा. जाता जाता त्यानं विचारलं, "मॅडम, कॉइनचं काम पण करता का इथं?" मी नाही म्हणाले. तो हसला. खरोखरच मशीन विकणारे असतील, मला आजही ठाऊक नाही. पण ते गेल्याबरोबर मी कपाट उघडलं. आतली प्रत काढली, घरी आणली आणि गॅसवर धरून जाळली. कपाट फोडायला कुणालाही येतं. आत्यांच्या गळ्यात काय आहे ते मात्र त्या फोनवाल्यालाही कळलेलं नव्हतं. आता एकच कागद उरला आणि तो अशा जागी होता की तिथं कुणाचा हात पोचणार नाही, असा मी विचार केला. भीतीच्या भरात मला तोच शहाणपणा वाटला.

पुढं सात-आठ महिने काही घडलं नाही. आत्यांशी माझं बोलणं पूर्ववत झालं, म्हणजे मी बोलायची आणि त्या ऐकायच्या. कागदाचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही.

दसऱ्याच्या सुमाराला त्या आजारी पडल्या. आधी खोकला, मग ताप, मग धाप. गंगाखेडच्या डॉक्टरांनी परभणीला न्यायला सांगितलं. तिथं दवाखान्यात नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावून ठेवलं. नर्स म्हणाली, गळ्यातलं काढून घरच्यांकडं द्या. आत्यांनी डबी मुठीत घट्ट धरली आणि मान हलवली. नर्सनं दोनदा सांगून पाहिलं, मग तीही कंटाळली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एकटीच जवळ होते. आत्यांनी मला खुणेनं खाली वाकायला सांगितलं, मास्क जरा बाजूला केला. "माय, त्या कागदाचं सांगायचं हुतं..."

शेजारच्या खाटेला लागून तिघंजण बसलेले. त्यातल्या एकाच्या हातात मोबाइल होता. माझ्या डोक्यात तो फोन, ती मोटरसायकल, सगळं एकदम उठलं. मी मास्क परत तोंडावर बसवला. "आत्या, इथं ते नाव नका काढू. घरी गेल्यावर बोलू."

त्या माझ्याकडं पाहत राहिल्या. मग डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

त्याच आठवड्यात एक दिवस मी कपडे न्यायला घरी आले आणि जागामालकांना किती दिवसांत पैसे देता येतील ते बघावं म्हणून यंत्र कॉम्प्युटरला जोडलं. काहीच दिसेना. वायर बदलली, दुसरा कॉम्प्युटर घेतला, तरी काळा पडदा तसाच. यंत्र मेलं होतं. अशाच वेळेसाठी तर बारा शब्द होते. नवीन यंत्र मागवायचं, त्यात शब्द घालायचे की सगळं परत. मी ऑर्डर टाकली आणि परभणीला गेले. आत्या घरी आल्या की पहिलं काम तेच, असं मनात धरलं.

आत्या घरी आल्या त्या रुग्णवाहिकेतून, चादरीखाली. पहाटे दवाखान्यात त्यांचा श्वास थांबला. नवरा नि दीर पुढं ड्रायव्हरजवळ बसले, मी आणि जाऊ मागं, मध्ये आत्या. गंगाखेड मागं पडेपर्यंत मी रडत होते, खरं रडत होते. आणि मग माझं लक्ष त्या डबीकडं गेलं.

आमच्यात दहन नसतं. माणसाला बसवून माती देतात आणि त्याचं लिंग त्याच्याबरोबर मातीत जातं. लग्न होऊन आल्यापासून हे मी कितीदा पाहिलं होतं. कागद डबीत ठेवताना हे मला आठवलं नव्हतं असं नाही. त्या इतक्यात जातील हे मनात आलं नव्हतं. आता माझ्याजवळ दुपारपर्यंतचा वेळ होता.

हात लांब केला असता तर डबी हाताला लागली असती. फिरकीचं झाकण, दोन वेढ्यांत उघडलं असतं. जाऊ खिडकीकडं तोंड करून हुंदके देत होती. मी हात पुढं नेला. चादरीची कड सारखी केली, बोटं चांदीला लागली, थंडगार. आणि ती तिथंच थांबली. एरवी मी असल्या नेमांना हसणारी. पण आत्यांनी जन्मभर जे कुणाला शिवू दिलं नाही ते, त्या अडवू शकत नाहीत अशा वेळी उघडायचं, हे काही मला जमेना. हात मागं घेतला. गाडीनं गावाचा फाटा सोडला तेव्हा मला स्वतःचाच राग येत होता, उघडली नाही म्हणून आणि उघडायला निघाले होते म्हणूनही.

घरी माणसं जमली होती. बायकांनी आत्यांना आंघोळ घातली. तेवढ्यात तरी डबी माझ्या हाती येईल असं वाटलं होतं, पण विधीला आलेल्या जंगम स्वामींनी ती आधीच स्वतःकडं घेतली. मग आत्यांना ओसरीत भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं, कपाळभर भस्म लावलं, गळ्यात फुलं घातली. भजन सुरू झालं. मी स्वामींपासून हातभर अंतरावर बसले होते. कुणी उठवलं असतं तरी उठले नसते.

स्वामी म्हणाले, "चांदी घरात राहू द्या. लिंग तेवढं जाईल." आणि त्यांनी झाकण फिरवलं.

आधी फडक्यात गुंडाळलेलं लिंग निघालं. मग त्यांनी डबीत बोट घातलं आणि तळाला चिकटलेला राखाडी गोळा नखानं खरवडून काढला. "कसला कागुद हाय की. पूजेच्या पाण्यानं पार लगदा झालाय," म्हणाले आणि तो ताटाच्या कडेला ठेवला.

मी तो गोळा उचलला. बोटात चुरडला. भस्म, पाणी आणि निळसर डाग. प्लास्टिकचा मागमूस नव्हता. ती पिशवी आत्यांनी कधीच काढून टाकली असणार. प्लास्टिकच्या डब्यात आलेला प्रसादसुद्धा त्या देवापुढं ठेवत नसत, आधी वाटीत काढायच्या. मग लिंगाला प्लास्टिक लागलेलं त्यांना कसं चाललं असतं. मला हे आधी सुचायला हवं होतं. दोन खोल्या, पत्रे, पुढचा रस्ता, कितीतरी वर्षांचे फॉर्म, सगळं माझ्या बोटांवर निळं होऊन बसलं होतं. समोर आत्या भस्म लावून बसलेल्या. त्यांचं मला काहीच वाटेनासं झालं, हे मी लपवत नाही.

स्वामींनी लिंग बाहेर घेण्यासाठी फडकं उलगडलं. पांढऱ्या फडक्यावर आतल्या बाजूनं लाल दोऱ्याचे बारीक टाके होते. ओळीखाली ओळ. मला वाटलं वेलबुट्टी असेल. मग पहिल्या ओळीतलं पहिलं अक्षर ओळखू आलं. ते इंग्रजी होतं. दुसरं ओळखलं, तिसरं, आणि शब्द पुरा झाला. माझा पहिला शब्द.

स्वामींनी लिंगावर भस्म लावलं आणि ते पुन्हा त्याच फडक्यात गुंडाळायला घेतलं.

"स्वामी, ते वस्त्र राहू द्या," मी म्हणाले.

भजन जरा थांबलं. स्वामींनी वर पाहिलं. "लिंगाचं वस्त्र हाय, माय. त्येंच्यासंगं जाया पाहिजे."

"लिंगाला नवीन द्या. हे मला द्या."

"असं करत न्हाईत."

दीर चुळबुळला. नवरा माझ्याकडं बघत होता. "आत्यांच्या हातचा टाका आहे. मला पाहिजे तो," कसंबसं म्हणाले आणि रडूच फुटलं. खोटं काहीच बोलले नव्हते, पण खरं कारण दुसरंच होतं.

बायकांमध्ये कुजबुज झाली. "देऊन टाका स्वामी. बगा की सुनंचा जीव." नवऱ्यानं विधीसाठी आणलेल्या कोऱ्या पांढऱ्या कापडाची पट्टी फाडली आणि स्वामींपुढं धरली. स्वामींनी लिंग नव्या कापडात गुंडाळून आत्यांच्या डाव्या हातात दिलं आणि जुनं फडकं माझ्या ओंजळीत टाकलं.

मागून एकीनं मान उंचावली. "काय लिवलंय माय त्याच्यावर?"

"शिवाचं नाव असंल, दुसरं काय," दुसरी म्हणाली.

मी घडी घालून फडकं पोलक्यात सारलं. "अशी सून मिळाया नशीब लागतं," असं कुणीतरी म्हणालं. मी मान खाली घातली आणि माती द्यायची वेळ होईपर्यंत वर केली नाही.

तिसऱ्याचा विधी उरकला, पाहुणे गेले, तेव्हा दुपारी दार लावून मी फडकं उन्हाच्या तिरिपेत पसरलं. बारा ओळी. एकेक ओळ करंगळीच्या नखाएवढी उंच. आत्यांना इंग्रजीतली एबीसीडी येत नव्हती. ही अक्षरं त्यांनी वाचून लिहिली नव्हती, कागदावर जशी दिसली तशी दोऱ्यानं उतरवली होती. काही अक्षरांना पाय जास्त होते, एका जागी दोन अक्षरं एकमेकांत अडकली होती. या शब्दांची यादी ठरलेली असते आणि पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता येतो, त्यामुळं मला एकही शब्द अडला नाही. दहावी ओळ त्यांनी दोनदा उसवली होती. लाल टाक्यांच्या आजूबाजूला सुईची रिकामी भोकं दिसत होती.

डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या सुईत दोरा स्वतःच ओवायच्या. तरी एवढ्या बारीक कामाला किती दिवस लागले असतील? आणि शाई पाण्यानं उतरत चाललेली. रोज पूजेला डबी उघडली की एखादं अक्षर आणखी पुसट झालेलं दिसत असणार, आणि उरलेली शिवायची घाई. कधी शिवलं असेल? मी क्लासला गेल्यावर, जाऊ शेतात गेल्यावर. मी घरात आले की सुई लपवत असतील.

नवीन यंत्र आलं. एकेक शब्द पाहून घातला. पडदा उजळला. सगळं जागेवर होतं. जागेपुरते कॉइन विकून मी पैसे काढले आणि दिवाळीआधी जागेची खरेदी झाली. गंगाखेडच्या रजिस्ट्री ऑफिसात सही करून आले त्या संध्याकाळी नवऱ्यानं मला विचारलं की त्या दिवशी फडक्याचा हट्ट कशासाठी धरला होतास. मी फडकं काढून त्याच्यापुढं ठेवलं आणि सगळं सांगितलं. डबी, कागद, प्लास्टिक. फोन, आणि मी आत्यांना काय काय बोलले ते. तो नंबर मीच टाकला होता, हेही सांगितलं. हे आत्यांना सांगायचं राहून गेलं होतं.

तो बराच वेळ त्या टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिला. आईनं शिवलेल्या वाकळी पांघरून वाढलेला माणूस, त्याला तो टाका ओळखीचा होता.

"कागद भिजला, तर तुला नवा लिहून मागायचा ना," तो म्हणाला. "दोन मिनिटांचं काम. आईनं एवढा खटाटोप कशापायी केला?"

त्याला खरंच कळत नव्हतं.

"मला भीत होत्या त्या," मी म्हणाले.